खिडकीवरचा पत्रा

लकवा मारला आणि वडिलांचं उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. त्यांची खाट आम्ही समोरच्या खोलीत, खिडकीशी लावली. ही खिडकी त्यांनीच हौसेनं भिंतीच्या दोन फूट पुढे काढून घेतलेली. तीन बाजूंनी काच, वर उतरतं छोटं छप्पर आणि त्यावर पत्रा. तिथून रस्त्यापलीकडचा आमचा भाजीचा मळा दिसतो. चाळीस वर्षं त्यांनी तिथं वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर काढली. आता ते सगळं बायको पाहते. मी वाशीमजवळच्या मालेगावात शाळेत कारकून आहे.

यंदा आषाढात ते छप्पर गळायला लागलं. आधी खाटेच्या पायाशी थेंब पडत, मग थेट उशीपाशी. शिडी लावून वर पाहिलं तर पत्रा गंजून चाळणीसारखा झालेला. दोन मिस्त्र्यांना विचारलं. एक पोहरादेवीकडं मोठ्या बांधकामावर होता. दुसरा म्हणाला, "एवढ्याशा कामाले कोन येईन सर? पोळा झाल्यावर पाहू."

पोळ्याला महिना होता. मी म्हटलं, आपणच करू.

उघडीप मिळाली त्या रविवारी जुना पत्रा उचकटला. खालच्या फळ्या दोन ठिकाणी कुजल्या होत्या, त्या बदलल्या. नवा पत्रा मापानं कापताना तळहात चिरला. बायकोनं फडकं बांधलं आणि पुन्हा शिडी धरून उभी राहिली. पत्रा भिंतीला टेकवून खिळे ठोकले, फट सिमेंटनं बुजवली. संध्याकाळपर्यंत काम झालं आणि मला बरंही वाटलं.

सगळा वेळ वडील काचेतून बघत होते. दुपारी मी पाणी प्यायला आत आलो तेव्हा ते डाव्या हाताच्या नखानं भिंतीवर रेघ ओढत होते. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मग बोटं वाकवून भिंतीवर दाबायचे.

"पाणी पाह्यजे का बाबा? कूस बदलू?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. घशातून आवाज काढला आणि पुन्हा रेघ ओढली. चुन्याचा पांढरा भुगा चादरीवर पडला.

"काय सांगून राह्यले तुमी? मले समजत नाही बाबा. उगेच राहा जरा."

माझा आवाज चढला होता. त्यांनी हात खाली घेतला आणि तोंड फिरवलं.

बुधवारी पाऊस आला आणि पाणी पहिल्यापेक्षा जास्त आलं. उन्हानं पत्रा तापला होता, सिमेंटला तडा गेला होता आणि भिंतीवरून उतरणारं पाणी पत्र्याच्या मागून सरळ आत येत होतं. मी दुकानात डांबराची पट्टी मागायला गेलो. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भिंतीत खाच मारली काय? पत्र्याची वरची कड वाकवून आत घुसवा लागते. नाही तं काही लावा, पाणी येतेच."

मी काउंटरला हात टेकून उभा राहिलो. वडील तेच सांगत होते.

घरी आल्या आल्या छिन्नी घेऊन चढलो. आधीच्या खिळ्यांनी कमजोर झालेली वीट दुसऱ्याच घावाला निखळली आणि टीचभर भगदाड पडलं. तेवढ्यात पुन्हा पावसाला सुरुवात झाली.

"खाली या तुमी," बायको ओरडली. "खाट हलवू आपन."

आम्ही दोघांनी वडिलांसकट खाट मधल्या खोलीत ओढली. तिथं खिडकी नाही. मी भगदाडावर प्लास्टिक बांधलं, वाऱ्यानं ते दोनदा उडालं. चार दिवस झड लागली होती. वडील छताकडं बघत पडून असायचे. मी जवळ बसून म्हणालो, "बाबा, तुमी बरोबर सांगत होते. माह्या ध्यानात नाही आलं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांना दुसरा झटका आला. वाशीमच्या दवाखान्यात नऊ दिवस होतो. डॉक्टर म्हणाले, झटक्याचा आणि त्या पावसाचा, खाट हलवण्याचा काही संबंध नाही. बायकोही मला तेच सांगते. मी हो म्हणतो.

परत आलो तेव्हा उघडीप होती. मी वीट बसवली, हळूहळू खाच मारली, पत्र्याची कड आत घातली. त्यानंतर दोन मोठे पाऊस झाले, एक थेंब आला नाही. खाट पुन्हा खिडकीशी लावली. पण आता उजेड डोळ्यांवर आला की वडील कण्हतात, म्हणून आम्ही जाड पडदा ओढून ठेवतो. बायको मळ्यातून आली की त्यांना सांगते, वांग्याला फूल धरलं, मेथी उपटायला आली. ते ऐकतात की नाही, आम्हाला कळत नाही. ती तरी रोज सांगते. मी शाळेतून येतो, त्यांचा डावा हात हातात घेऊन बसतो.