निळ्या फाटकाची नोंद

फोनताईंबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या गल्लीत राहिलो, पण त्या चहात साखर घेत की नाही, तेही मला ठाऊक नाही. ओळख झाली ती त्यांच्यावर संशय घेताना, आणि त्यापलीकडे मी फारसा गेलो नाही.

अग्निशमन केंद्रामागच्या खोलीत त्या बसत. एक टेबल, दोन फोन, भिंतीवर गावाचा जुना नकाशा. आग लागो, अपघात होवो, कुणाच्या छातीत दुखो, फोन त्यांच्याकडे यायचा आणि त्या गाडी पाठवायच्या. पण फक्त सकाळी आठ ते रात्री आठ. त्यानंतरचे फोन दूरच्या शहरातल्या कार्यालयात जायचे. तिथल्यांना आमच्या नव्या वसाहती कुठून माहीत असणार? नकाशातही त्या अजून आल्या नव्हत्या.

ताईंनी अर्ज केला: खोली चोवीस तास चालू ठेवा, त्यासाठी आणखी तीन माणसं द्या. म्हणजे घरपट्टी वाढणार. म्हणून नगरपालिकेच्या अध्यक्षांनी आधी चौकशी लावली आणि ती माझ्या गळ्यात घातली. मी पाणीखात्यातला निवृत्त कारकून. माझं कुणाशी भांडण नाही, एवढीच माझी पात्रता.

पुरावा म्हणून ताईंनी एक वही दिली. तीन महिन्यांतले रात्रीचे फोन, एकूण एकेचाळीस.

"खोली तर आठला बंद होते," मी म्हणालो. "मग हे फोन घेतले कुणी?"

"मीच, घरी. शहरातल्यांना पत्ता कळला नाही की ते मला उठवतात. काही लोक थेट मलाच लावतात. नंबर सगळ्यांकडे आहे, काका. तुमच्याकडे नाही?"

माझ्याकडे नव्हता. त्याचीही मला शंकाच आली.

शहराच्या कार्यालयाकडून यादी मागवली. त्यांनी ताईंना केलेले फोन एकोणीस. उरलेल्या बावीसांना साक्षीदार एकट्या ताईच. त्यात आमच्या घरून तेल ओतलं गेलं. "अहो, तिची जाऊ घरी बसून आहे," बायको म्हणाली. "तीनातली एक जागा कुणाला जाणार, सांगा बघू?"

त्या बावीस नोंदी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. पत्ते धड नव्हतेच. 'पंपाचा आवाज येतो तिथे.' 'दोन सारख्या घरांतलं दुसरं.' पाणीखात्यात असं लिहिलं असतं तर साहेबांनी वही तोंडावर फेकली असती. तपासण्याजोगी एकच सापडली: 'नवी वसाहत, शेवटची गल्ली, निळं फाटक. म्हातारा पडला, उठत नाही.'

मी गेलो. गल्लीत सात फाटकं, एकही निळं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, उलट्या टोकाने गेलो. तपकिरी, हिरवी, काळी होती, निळं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा मी कुणाला तरी पकडलं होतं. अहवालात लिहिलं, 'असे फाटक अस्तित्वात नाही,' आणि तो अध्यक्षांकडे दिला. सोमवारी बैठक होती. त्या एका ओळीवर अर्ज निकालात निघाला असता.

शनिवारी वही परत करायला गेलो आणि फाटकाचं सांगितलं.

"आत गेला होतात?" ताईंनी विचारलं.

"कशाच्या?"

"फाटकाच्या. घाबरलेलं माणूस पत्ता सांगत नाही, काका. डोळ्यांसमोर असेल ते सांगतं. मी ते तसंच लिहून ठेवते. सुधारायला गेलं की गाडी चुकते."

तेवढ्यात फोन वाजला आणि त्यांनी पाठ फिरवली. मला वाटलं, बरा वाजला, वेळेवर सुटका झाली बाईंची.

तरी रविवारी पुन्हा गेलो. शेवटच्या काळ्या फाटकापाशी उभा राहिलो. कडी वाजवायचा धीर होईना. एक म्हातारी बाहेर आली.

"दोनदा नुसतं बघून गेलात. मीटरवाले का?"

"नाही... ते फोनताईंचं..."

"मग आत या की! ताटकळताय कशाला?"

तिने माझ्यामागे फाटक लावलं. मी वळून पाहिलं. आतून ते निळं होतं.

"खिडक्यांचा रंग उरला होता, तो आतून मारला," म्हातारी म्हणाली. ओट्यावर तिचा नवरा काठी धरून बसला होता. "हे इथेच पडले होते. यांचं डोकं मांडीवर घेऊनच फोन लावला. समोर दुसरं काही दिसतच नव्हतं."

तिथून थेट अध्यक्षांच्या घरी गेलो आणि अहवाल परत मागितला.

"आता काय झालं?"

"फाटक आहे."

"आधी नव्हतं?"

"आधी मी बाहेर होतो."

त्यांनी कपाटातून कागद काढून दिला. ती ओळ मी खोडली. सोमवारी अर्ज एका मताच्या फरकाने मंजूर झाला आणि खोली रात्रंदिवस चालू लागली. तीनातली एक जागा ताईंच्या जावेला मिळाली.

"म्हटलं नव्हतं?" बायको म्हणाली. बाकीच्या एकवीस नोंदी मी कधी तपासल्या नाहीत.

पुढच्याच वर्षी ताई गेल्या. त्याच्या आठवडाभर आधी त्या दुधाच्या दुकानात भेटल्या होत्या.

"काका, तुमच्या घराची खूण काय लिहू?"

"घराला नंबर आहे की."

"तो राहू द्या. आतून काय दिसतं?"

मी आठवून पाहिलं. "समोरची पाण्याची टाकी."

"गळते ती?"

"हो, तीच."

"मग सापडेल," त्या म्हणाल्या. "चला, दूध नासेल."