पुसलेल्या टेपेतला श्वास

बयाबाईंच्या श्यामलानं रेडिओवरच्या मालिकेत नऊ वर्षं थोरल्या सुनेचं काम केलं. भाजी घेताना ती बोलली, तरी गंगावेशीच्या बाजारात माणसं वळून बघायची. ती टायफॉइडनं गेली. वर्षानं बयाबाई रेडिओ केंद्रात गेल्या. "लेकीचा आवाज एकडाव ऐकवा की."

कारकून ओशाळला. "मावशी, जुन्या टेपा पुसून त्यावरच नवं भरत्यात. तिच्या टेपांवर आता शेतीची भाषणं हायत."

तेव्हापासून संध्याकाळी शेतीचं भाषण लागलं, की बयाबाई रेडिओला कान लावायच्या. "पाटी पुसली तरी अक्षर दिसतंयच की."

नवरा, गणपतराव, चिडवायचा, "ऊस न्हाय, बांध न्हाय, आन् ही उसाच्या हुमणी किडीचं औषध ऐकतीया."

एका बुधवारी भाषण करणारा पान उलटायला थांबला. तेवढ्यात रेडिओच्या खरखरीत कुणीतरी श्वास घेतला. बोलायच्या आधी श्यामला घ्यायची, तसाच. गणपतराव चमकून रेडिओकडं वळला.

बयाबाईंनी विचारलं, "काय ओ, काय ऐकलासा?" त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

"न्हाय," गणपतराव म्हणाला. वर्षभर कान लावून बसलेल्या आईला सोडून लेक आपल्याकडं आली, हे त्याला सांगवेना.