टाचेपाशी नारिंगी

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, धुतलेल्या चादरींच्या कोठीला लागून, नर्सना शिकवायची खोली आहे. मधोमध एक उंच टेबल. त्यावर रेक्झिन, आणि रेक्झिन फाटलं तिथे चिकटपट्टी. या टेबलावर दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक त्रेचाळीस वर्षांचा, मिशीवाला, लेकीचा बाप असलेला माणूस लहान मूल म्हणून झोपायचा.

त्याला सगळे पाऊण म्हणत. हे नाव पडलं तेव्हा तो लिफ्टमन होता. जुन्या जाळीच्या लिफ्टमध्ये पाटी होती, ‘आठ माणसे’. एकदा सात जण आत शिरले आणि आठवा हा, स्टुलावर बसलेला. दाराशी उभा असलेला वॉर्डबॉय म्हणाला, “मला घ्या की रे! हा धरून पावणेआठच झालेत.” लिफ्ट वर पोचेपर्यंत लोक हसत होते. लिफ्ट खाली आली, पण नाव काही उतरलं नाही.

हातपाय आखूड, धड मात्र चारचौघांसारखं. वर्षानुवर्षं लोखंडी जाळी ओढून खांदे भरलेले. टेबलापाशी उभा राहिला तर त्याची कडा छातीच्या वर यायची, म्हणून चढायला एक लाकडी पाट ठेवलेला असे. वर चढताना कुणी हात दिला तर तो घ्यायचा नाही.

जाळीची लिफ्ट गेली आणि नवी आली. चकचकीत, बटण दाबलं की आपलीआप चालणारी, आतून बाईच्या आवाजात मजला सांगणारी. बाईला स्टूल लागत नव्हतं. बाकीच्या लिफ्टमनना तळघरात धुलाईला पाठवलं, ओल्या चादरींची बोचकी वाहायला. पाऊणही गेला असता, आणि त्याच्या पाठीचा मणका महिन्याभरात बोलायला लागला असता. पण त्याला ट्रेनिंगच्या मोठ्या सिस्टरनी मागून घेतलं. खोली झाडायची, प्रोजेक्टर लावायचा, आणि आठवड्यातून दोनदा झोपायचं.

झोपायचं कशासाठी, ते सांगायला हवं. अत्यवस्थ मूल आणलं की त्याला वजनकाट्यावर ठेवायला वेळ नसतो, आणि औषधाचा डोस तर वजनावर ठरतो. म्हणून मुलाशेजारी एक लांब पट्टी अंथरतात. तिचं लाल टोक डोक्याच्या टोकाशी धरायचं, पट्टी पायांकडे सोडायची, गुडघे दाबून पाय सरळ करायचे, आणि टाच येते तिथला रंग वाचायचा. त्या रंगाच्या चौकोनात अंदाजे वजन आणि कुठलं औषध किती, ते छापलेलं असतं. ट्रॉलीचे कप्पेही त्याच रंगांचे. लांबीवरून वजनाचा हा अंदाज बहुतेक मुलांच्या बाबतीत कामापुरता बरोबर निघतो.

शिकवायला रबरी बाहुल्या होत्या, पण लहान. मोठ्या बाहुलीचा पाय मांडीतून निखळला होता आणि तो मागवून मागवून सगळे थकले होते. खरं मूल अर्धा तास गप्प पडून राहत नाही. पाऊण राहायचा. त्याची टाच बरोबर नारिंगी चौकोनात यायची. नारिंगी म्हणजे पट्टीच्या मते साधारण सव्वीस किलो. पाऊणचं वजन बावन्न होतं. ते कुणी कधी विचारलं नाही. तिथे पट्टी कशी लावायची ते शिकवत होते, पाऊणची चौकशी नव्हती चालली.

त्याच्या बायकोला हे काम मुळीच पसंत नव्हतं. ती त्याच्याहून वीतभर उंच, आणि तोंडानं त्याहून बरीच.

“आठवड्याला दोनदा पोर होऊन येता,” ती म्हणायची. “एक दिवस घरी येऊन माझ्याकडे दूध मागाल.”

“मग काय करू? तळघरात बोचकी वाहू?”

“मी कुठे म्हणते वाहा! सांगा त्यांना, मी मोठा माणूस आहे म्हणून.”

“त्यांना माहितीय.”

“माहितीय?” ती पोळपाट भिंतीला टेकवून ठेवायची. “मग झोपवतात कशाला?”

पाऊण ताट पुढे ओढायचा. एकदा मात्र, टेबलावरून उतरता उतरता, त्यानं मोठ्या सिस्टरना विचारलं होतं, “सिस्टर, उद्या मला खरंच काही झालं, तर मलाही हीच पट्टी लावतील का हो?”

सिस्टर पट्टीची घडी घालत होत्या. चांगल्या बाई, कामाला वाघ, पण एका वेळी एकच गोष्ट डोक्यात. “तुला काय धाड भरलीय?” त्या म्हणाल्या. “तू आजारी पडायचंच नाहीस. माझा क्लास बुडेल.”

दोघंही हसले. पाऊण खोली झाडायला लागला.

त्या मंगळवारी सकाळपासून त्याची पाठ धरली होती. कडक टेबलावर उताणं पडणं या पाठीला कधीच मानवलं नव्हतं. क्लासच्या आधी तो खाली औषधांच्या खिडकीवर गेला. खिडकीवरचा कंपाउंडर त्याचा जुना दोस्त. त्यानं पाठदुखीची एक गोळी पुढे सरकवली.

“नवीन आलीय. घोडासुद्धा नाचेल.”

“अर्धी घेऊ?”

“अर्धी कशाला? पोरगं आहेस का तू? दुखणं मोठ्या माणसाचं, गोळी मोठ्या माणसाची.”

पाऊणला हे बरं वाटलं. त्यानं तिथेच, कुलरच्या पाण्याबरोबर, अख्खी गोळी गिळली आणि नव्या लिफ्टनं वर गेला. बाईनं त्याला तिसरा मजला सांगितला.

खोलीत नव्या तुकडीच्या आठ-दहा मुली होत्या. पाऊण टेबलावर चढला, उताणा झाला, हात अंगालगत घेतले. छतावर पंख्याच्या दांड्याभोवती ओलीचा डाग होता. क्लास संपेपर्यंत त्याला बघायला तेवढंच असायचं. मोठ्या सिस्टर कानाशी वाकून म्हणाल्या, “नुसता मढ्यासारखा पडू नकोस हं आज. जरा धापा टाक. यांना खरं वाटू दे.”

त्यानं धापा टाकल्या. एकीनं लाल टोक डोक्याशी धरलं, दुसरीनं पट्टी सोडली. शेवटच्या बाकावरून आलेली, जाड चष्म्याची मुलगी गुडघे दाबायला उभी राहिली. सिस्टर बोलत होत्या, टाच म्हणजे टाच, बोटं नव्हेत, पाऊल आडवं पडलं तर आकडा चुकतो.

आधी तळहात खाजायला लागले. मग कान गरम झाले. पाऊणला वाटलं, खोलीत उकडतंय. मग ओठ जाड झाल्यासारखे वाटले, जीभ तोंडात मावेना, आणि श्वास घ्यायला लागला तेव्हा तो गळ्याशी अडला. छाती ओढून त्यानं पुन्हा घेतला. शिट्टीसारखा आवाज आला.

“बघा,” सिस्टर म्हणाल्या, “असा आवाज आला की समजायचं श्वासनलिका आकसतेय. आज रंगात आलाय आमचा पेशंट.”

मुली हसल्या.

पाऊणनं उठायचा प्रयत्न केला. डोक्याकडच्या मुलीनं खांद्यावर हात ठेवला. “काका, हलू नका ना. टाच सरकते.” त्यानं गुडघे वर घेतले. चष्मेवालीनं ते, नुकतंच शिकवलं होतं तसं, दोन्ही हातांनी सरळ दाबले. बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण आवाजाला वाटच नव्हती. कधीकाळी जुनी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकायची तेव्हा तो आतल्या लोकांना म्हणायचा, घाबरू नका, वरच्यांना माहितीय आपण इथे आहोत म्हणून. इथे सगळे अवतीभवती उभे होते आणि कुणालाच माहिती नव्हतं.

चष्मेवाली खाली वाकली होती. तिलाच आधी दिसलं.

“सिस्टर, यांच्या मानेवर गांधी उठल्यात.”

“कुठे?”

“ही बघा. आणि ओठ... सिस्टर, हे नाटक करत नाहीयेत.”

मोठ्या सिस्टरनी एकदा पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. आरडाओरडा नाही, उलट हळू झाला. “क्लास बंद. तू कॅज्युअल्टीत फोन कर. तू बाहेरची ट्रॉली आण, आपली खोटी नको. ऑक्सिजन. काय खाल्लंस रे? काही टोचलंय? रिॲक्शन आहे ही. ॲड्रेनलिन काढा, मांडीत द्यायचं.”

ट्रॉली धडधडत आत आली. एकीनं त्याच्या नाकातोंडावर मास्क बसवला. सगळ्या मुली एकदम शहाण्या झाल्या, शिकवलं तसं आणि शिकवलं त्या क्रमानं करू लागल्या. पट्टी अंथरलेलीच होती.

“रंग?” सिस्टरनी विचारलं. ते सवयीनंच त्यांच्या तोंडून आलं. शेकडो वेळा याच टेबलापाशी, याच माणसाकडे बघत त्यांनी ते विचारलं होतं.

“नारिंगी!” तीन-चार गळे एकदम.

नारिंगी कप्पा सर्रकन उघडला. कार्डावरचा आकडा कुणीतरी मोठ्यानं वाचला. पाव मिलीहून किंचित जास्त. सुई मांडीत गेली.

पाऊणनं सगळं ऐकलं. औषधं त्याला कळत नव्हती. किती मिली म्हणजे काय, हे त्यानं कधी मनावर घेतलं नव्हतं. पण नारिंगी म्हणजे सव्वीस किलोचं पोर, हे तो झोपेतही सांगू शकला असता. ते औषध त्याला दिलं नव्हतं. टेबलावर तो ज्या पोराच्या जागी झोपायचा, त्या पोराला दिलं होतं.

“आता बघायचं,” सिस्टर म्हणाल्या. “पाच मिनिटांत उतार नाही पडला तर पुन्हा तेवढंच.”

पाच मिनिटं. सगळ्यांना वाटत होतं, काम झालं. एक मुलगी नाडी धरून होती, दुसरी घड्याळाकडे बघत होती. गळ्याची वाट थोडी मोकळी झाल्यासारखी झाली आणि पुन्हा मिटत चालली. छतावरचा ओलीचा डाग मोठा होत होता. पाऊणच्या मनात बायको आली नाही, मुलगी आली नाही. एकच गोष्ट आली, की ही पट्टी अंगाखालून गेली पाहिजे. त्यानं हात सरकवला. पट्टीची कड बोटांना लागली. त्यानं ती मुठीत धरली आणि ओढली.

“अहो काका, पट्टी सोडा!”

“फाटेल ती! सिस्टर, बघा ना, एकच आहे आपल्याकडे.”

एक जण त्याची बोटं उघडायला लागली. पण ती बोटं जाळीचे दरवाजे ओढलेली होती. पट्टी मधून फाटली. त्यानं हातातला तुकडा वर धरला, सिस्टरच्या तोंडासमोर, आणि मान हलवली. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

“घाबरलेत,” कुणीतरी म्हणालं. “बसतं करा यांना, श्वासाला बरं पडेल.”

चष्मेवालीनं काखेत हात घालून त्याला उचलायला जोर लावला. तो तसूभर हलला नाही. तिनं पुन्हा पाय रोवले.

“बाप रे, जड आहेत हे,” ती म्हणाली. आणि मग, स्वतःशीच बोलावं तसं, “सव्वीस कसे असतील?”

मोठ्या सिस्टरनी फाटक्या तुकड्याकडे पाहिलं. मग मास्कखाली दबलेल्या मिशीकडे. इतक्या वर्षांत त्यांनी या टेबलावर टाचेच्या वर बहुधा पाहिलंच नव्हतं.

“अर्धा मिली भर,” त्या म्हणाल्या. “मोठ्या माणसाचा डोस. घड्याळ राहू दे. आत्ता.”

दुसरी सुई गेली. कॅज्युअल्टीचे डॉक्टर पोचले तेव्हा शिट्टी बारीक झाली होती आणि पाऊण टेबलावरच चष्मेवालीच्या खांद्याला पाठ लावून बसला होता. हातातला तुकडा त्यानं अजून सोडला नव्हता.

रात्रभर नजरेखाली ठेवायचं ठरलं. पुरुषांच्या वॉर्डात जागा नव्हती; वॉर्डबॉयनं न विचारता चाकांची खाट मुलांच्या वॉर्डात नेली. भिंतीवर टोपी घातलेले हत्ती होते. बायको आली, हत्तींकडे पाहिलं, खाटेच्या कठड्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “पाळणाच तेवढा राहिला होता.”

मग तिनं त्याचे पाय चेपायला घेतले.

मोठ्या सिस्टर दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर आल्या. उभ्याच राहिल्या. “चूक माझी,” म्हणाल्या. “तू विचारलं होतंस.” एवढं झाल्यावर जरा थांबून, “नवी पट्टी मागवलीय. हा शुक्रवार सोड. पुढच्या मंगळवारी ये.”

“म्हणजे परत झोपवणार?” बायकोनं विचारलं.

“आता तर झोपवायलाच हवं. पट्टी मुलांसाठी असते, हे मी फळ्यावर लिहीन, मुली वहीत उतरवतील आणि विसरतील. हा समोर झोपला तर नाही विसरणार.”

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. तो हत्तींकडे बघत होता. सिस्टरचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तिथेच सगळी गोम होती. आतापर्यंत तो नुसता लांबीसाठी लागायचा. लांबी दुसऱ्या कुणाची चालली असती. बाहुलीचा पाय कधीतरी आलाच असता. आता जे त्याच्यावर बेतलं तेच शिकवायचं होतं, आणि त्यासाठी त्याच्या जागी दुसरं कुणी मिळणार नव्हतं.

“येतो,” तो म्हणाला. “पण झोपायच्या आधी माझं वजन करायचं. सगळ्यांसमोर.”

“करू.”

“आणि गादी.”

“गादीचं बघते,” सिस्टर म्हणाल्या.

त्या मंगळवारी गादी आली नव्हती. वजनकाटा मात्र होता. पाऊण त्यावर चढला, चष्मेवालीनं आकडा वाचला आणि फळ्यावर लिहिला, बावन्न. मग तो पाटावर पाय देऊन टेबलावर गेला, उताणा झाला, हात अंगालगत घेतले. नवी पट्टी कडक होती, मानेला टोचत होती. लाल टोक डोक्याशी आलं. गुडघ्यांवर हात आले.

“रंग?”

“नारिंगी.”

“मग डोस किती किलोचा?” सिस्टरनी विचारलं.

फळा समोर होता, तरी मागून कुणीतरी सवयीनं म्हणालं, “सव्वीस.”

“ताई,” पाऊण छताकडे बघत म्हणाला, “टाच सोडा, वर या जरा. मिशी आहे.”

सगळ्या हसल्या, चष्मेवाली सोडून. सिस्टर पुढचं सांगू लागल्या, आणि पाऊण गप्प झाला, कारण पेशंट बोलत नसतो. ओलीचा डाग होता तिथेच होता. गुडघ्यांवरचे हात कुणी काढले नव्हते.