फेस वर आला तेव्हा

नोसिफोताई होती म्हणून मी सिंगापुरात कामावर टिकले. आज दमून घरी आल्यावर ताक घुसळताना ती सकाळ आठवली.

नववीतच शाळा सुटलेली मी, सारखी घाबरलेली. पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये आम्ही एका खोलीत राहायचो; माझ्या तापात तीच उशाशी बसायची. ती दक्षिण आफ्रिकेतली, खोसा जमातीची. स्वप्नात पूर्वज येऊन ‘वैदीण हो’ म्हणायचे आणि ऐकलं नाही म्हणून ती आजारी पडायची. त्या सकाळी तिने औषधी मुळांचं पाणी माझ्या रवीने घुसळायला घेतलं. फेस वर आला, तर तो पूर्वजांचा होकार; मग गावी जाऊन गुरूकडे वैदकी शिकायची.

“नाही आला तर?”

“तर तुझं घोरणं ऐकत पडेन.”

येऊच नये, असं मला वाटत होतं. तो पांढराशुभ्र, काठापर्यंत आला. मला तेव्हा फक्त तिची रिकामी खाट दिसली. तिचं दुखणं संपणार होतं, हे आज कळतं.

ताई, लोकांना बरं करून तू थकशील, तेव्हा तुझे पाय चेपायला मी येईन.