विहीणबाईंचा दोन शब्दांचा मेसेज

माझा जावई चेक. त्याच्या आईला चेकखेरीज कुठलीच भाषा येत नाही. निवृत्त होऊन मी सिंगापूरला, पुंगोल भागात मुलीकडे राहायला आलो, तेव्हा विहीणबाईंशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून चेक शिकायला घेतली. तीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळली होती. भाषा काय अवघड, असं वाटलं. आणि 'जाणे' या साध्या क्रियापदापाशीच अडकलो.

"इंग्रजीत 'गो' म्हटलं की झालं," जावई म्हणाला. "आमच्यात आधी ठरवायचं, पायी की वाहनाने." पायी निघालो तर 'यदु', वाहनाने निघालो तर 'येदु'. नेहमीचं जाणं असेल तर पायी 'खोदीम', वाहनाने 'येज्दीम'.

नात रोज एलआरटीच्या छोट्या ट्रेनने शाळेत जाते, म्हणून मी शेवटचा 'मी'चा 'म' काढून तिच्यासाठी 'येज्दी' म्हणालो.

"नाही बाबा, 'खोदी'," जावयाने सुधारलं.

"पण ती गाडीने जाते ना?"

"हो, पण तिथे शिकते ना. शाळेत शिकायला जाणं म्हणजे 'खोदी'."

मी वहीत 'खोदी म्हणजे जाते' एवढंच लिहून घेतलं. बाकीचं डोक्यावरून गेलं.

त्यानंतर महिन्याभराने तिकडे चेकमध्ये व्याही शिडीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी रोज विहीणबाईंना मेसेज करून तब्येत विचारायचो. एका दुपारी उत्तर आलं, फक्त दोन शब्द: 'उश खोदी.'

'उश' म्हणजे आता, किंवा झालंच. 'खोदी' म्हणजे जातो. आता जातात? कुठे? शाळेत तर नक्कीच नाही. मोबाइलला विचारलं, तर त्याने दाखवलं, 'तो आधीच जातो.' आपल्याकडे अंथरुणाला खिळलेला माणूस 'जातो' म्हटल्यावर दुसरं काय समजायचं?

मुलीला फोन लावला. ती तांजोंग पगारच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होती, उचलेना. जावई विमानात. शेवटी धीर करून विहीणबाईंनाच व्हिडिओ कॉल लावला. काय बोलायचं, रडू आलं तर काय करायचं, काहीच ठरवलं नव्हतं.

त्या हसत होत्या. त्यांनी कॅमेरा फिरवला. स्वयंपाकघरात व्याही वॉकर धरून एक एक पाऊल टाकत होते, घामाघूम झालेले. विहीणबाई त्यांच्या पायांकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाल्या, "खोदी! खोदी!"

चालतात. आता चालायला लागले, एवढंच त्यांना कळवायचं होतं.

मला इतका आनंद झाला, की भेटायला येतो म्हणायच्या नादात तोंडून 'यदु' निघून गेलं. दोघंही खो खो हसायला लागले. विहीणबाईंनी टेबलावर दोन बोटं चालवून दाखवली. सिंगापूरहून पायी? मी घाईने 'येदु' म्हणालो. त्यावर व्याह्यांनी वॉकरवरचा एक हात सोडून पंखासारखा हलवला आणि तिसराच शब्द सांगितला, 'लेतीम'. विमानाचं जाणं वेगळं म्हणे.

संध्याकाळी मुलगी घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, "मग माणूस खरंच गेला, तर त्यांच्यात काय म्हणतात?"

"बाबा, ते कशाला हवंय आत्ता?"

तिचंही बरोबर होतं. पण पायी, वाहनाने की विमानाने, ते मला खरंच सुचत नव्हतं.