होनांवरचे ठिपके

महाराजांच्या राज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षं झाली, त्या साली आमच्या रहाटणीच्या सोसायटीतल्या अकरा घरांनी मिळून सोन्याचे होन करून घेतले. राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेल्या नाण्याची नक्कल, घरटी एक, देव्हाऱ्यात ठेवायला. सोनार आमच्याच गल्लीतला. त्याच्या दुकानात बसून मी वर्षानुवर्षं फुकट पेपर वाचला आहे. त्या होनांबद्दल सोसायटीत आजही जे बोललं जातं ते खोटं आहे, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

मी चाकणच्या एका कंपनीत तपासनीस होतो. नग मापात भरला की त्याच्या कडेला पंच टेकवून हातोडीचा एक ठोका द्यायचा. तो ठिपका म्हणजे माझी सही. ठिपका नसलेला नग गेटबाहेर जात नसे. म्हणूनच कमिटीने वाटण्याआधी होन माझ्याकडे पाठवले.

"काका, तुमच्या नजरेखालून गेले की आम्ही निर्धास्त."

दुपारी जेवण झाल्यावर वजनकाटा आणि व्हर्नियर घेऊन बसलो. अकराही नग चोख निघाले. मग मी पंच काढला. कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही. हाताला सवय, म्हणून एकेक करत अकराही नगांवर ठिपका उठवला. लोखंडाला लागतो तेवढाच ठोका सोन्याला दिला तर खड्डा पडतो, एवढंही तपासनिसाला सुचू नये! खड्डे दिसले तेव्हा म्हटलं, बारीक आहेत, कोण बघतंय.

समारंभात तळमजल्यावरच्या वहिनींनी चष्मा लावून बघितलं.

"अगंबाई, हे टोकरलंय की! सोनं काढून घेतलंय मेल्यानं!"

सगळ्यांनी आपापले होन उलटेपालटे केले. सोनार पाहुणा म्हणून आला होता, त्याला तिथेच गाठलं.

"माझ्याकडनं असे गेले न्हाईत, आईशपथ," तो म्हणाला.

"मग काय आमच्या काकांनी टोकरले का, राव?" अध्यक्ष म्हणाले, आणि सगळे हसले.

मी पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलो होतो. मीही हसलो.

वर्षभरात त्याचं गिऱ्हाईक तुटलं आणि त्याने दुकान सांगवीला हलवलं.

यंदा धीर करून अध्यक्षांना सगळं सांगितलं. मोबाइलमधून डोकं वर न काढता ते म्हणाले, "काका, आता कशाला उकरताय? मिटलंय ना." मिटलंय! कोणाचं मिटलंय? घरी बायको म्हणाली, "अहो, या वयात शोभा करून घेऊ नका." वहिनींना तर ते पटेचना. "तुम्ही भोळे. दोस्ताला वाचवायला बघताय." आता काय, त्यांच्यासमोर ठोकून दाखवू? लबाडी लपवायला मला एक शब्दही बोलावा लागला नव्हता. खरं सांगायला जिने चढून माझे गुडघे गेले.

शेवटी सांगवीला गेलो. त्याने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मी केलं न्हवतं हे मला ठाऊकच हाय की," तो म्हणाला. "मला काय सांगताय? त्यांना सांगा."

"सांगितलं. ऐकत नाहीत."

"मग लिहून द्या. पोरीला सासरी अजून टोमणे बसत्यात. त्यांना तरी दाखवंल ती."

म्हणून हे लिहिलं आहे. अकरा होनांवरचे अकराही ठिपके मी मारले. सोनाराने गुंजभरही सोनं काढलेलं नाही. याची एक प्रत उद्या सांगवीला नेऊन देणार आहे, दुसरी सोसायटीच्या सूचनाफलकावर लावणार आहे. अध्यक्षांनी काढून टाकली तर पुन्हा लावीन. मला दुसरं काही काम नाही.