पुलावरून परत

"मागची सीट रिकामीच बरी," असं म्हणून काका स्कूटरला किक मारायचे आणि बरोबर येतो म्हणणारा तिथंच उभा राहायचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. सगळं खातं ज्यांना काका म्हणायचं, ते धाटावच्या एका कंपनीत फिटर होते. मी त्याच खात्यात, त्यांच्याहून बराच लहान. दोघंही पेणचे, एकाच बसनं शिफ्टला जायचो. वाटेत ते इतकं बोलायचे की मला डुलकी घेता यायची नाही. पण दरवर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते एकटेच निघायचे. वडखळवरून अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, मग समुद्राला धरून काशीद आणि नांदगाव. खात्यात चेष्टा व्हायची, "काकांचं तिकडं दुसरं घर हाय."

"व्हय, हाय ना," काका म्हणायचे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. नांदगावला लग्नाला गेलो होतो. रस्त्याकडेला त्यांची स्कूटर दिसली म्हणून आत वळलो. सुरूच्या झाडांमागं, वाळक्या गवतात ज्यूंच्या जुन्या कबरी आहेत. काकाही त्यांच्यातलेच. एका कबरीपाशी मांडी घालून ते मोठ्यानं सांगत होते, "गुडघा दुखतो, पण चाललंय. नवा साहेब आलाय. शिकलेला हाय, पाना धरता येत नाय."

मला बघून जरा बाजूला सरकले.

"आई हाय," म्हणाले. "तिला वाचता येत नव्हतं. वर्षाचं सगळं येऊनच सांगावं लागतं."

भाऊ एकेक करून इस्रायलला गेले. आई हलली नाही. तिच्या शेवटच्या आजारात काकांनी तिला शब्द दिला होता, "मी हाय इथंच."

पुढं काकू वारल्या. काका रिटायर झाले, नजर अधू होत चालली, हातानं करून खाणं जमेना. इस्रायलला दिलेल्या मुलीनं त्यांना तिकडं न्यायला कागद पाठवले. जाण्याआधीच्या रविवारी पहाटे ते स्कूटरवरून निघाले आणि जेवणवेळेच्या आत परत येऊन माझ्या ओटीवर बसले.

"लवकर आलात?"

"साळावच्या पुलावरनं परतलो." पाणी पिऊन झालं तरी तांब्या हातातच होता. "काय सांगू तिला? आजवर खोटं बोललो नाय तिच्याशी."

"आईला कळेल, काका."

"कळंल. म्हनून तर गेलो नाय."

निघताना दारात थांबले. "तू कधी तिकडं गेलास तर सांग तिला. म्हणावं, सुटी मिळत नाय. डबल शिफ्ट चाललीय."

बुधवारी ते इस्रायलला गेले. दीडेक वर्षानं मुलीचं पत्र आलं. काका तिकडंच वारले.

त्यानंतर मी नांदगावला दोनदा जाऊन आलो. डबल शिफ्टचं सांगायला तोंड उघडेना, आणि खरं काय ते सांगवेना. पेणला औंदा पाऊस बरा झाला, एवढंच बोलून उठलो.